‘नसणे’ हा शब्द घरगुती म्हणून बाद करावा काय?

जळगावला तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : चर्चासत्रात फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्रचा १९४३ साली प्रसिद्ध झालेला ‘लेत्र ए ल नेआँ’ हा ग्रंथ इंग्रजी अनुवादातून वाचला जातो आणि टिपणे मराठीत सादर करायची असतात. इंग्रजीत ज्याला ‘नथिंगनेस’ म्हटले आहे त्या ‘नेआँ’साठी वर्गात कोणी ‘शून्यता’ लिहितो, कोणी ‘अभाव’. तिने ‘नसणे’ लिहिले, तेव्हा हा बोलण्यातला शब्द आहे, पारिभाषिक नाही, असा आक्षेप निघाला. यांतला कोणता शब्द योग्य?

माझ्या मते ‘नसणे’च योग्य आहे.

ग्रंथाच्या पहिल्याच भागात सार्त्रने दिलेला दाखला पाहावा. चार वाजता पिएरला कॅफेत भेटायचे ठरले आहे. निवेदकाला पोहोचायला पाव तास उशीर होतो आणि पिएर तर नेहमी वेळ पाळणारा. आत शिरून तो शोधू लागतो, तेव्हा टेबले, आरसे, दिवे, माणसे हे सगळे पिएरच्या अपेक्षेची पार्श्वभूमी होऊन मागे सरते, आणि पिएरचे तिथे नसणेच त्या साऱ्या जागेवर पसरते. हाच अनुभव आपल्या बसस्थानकावरही येतो. चाळीसगावच्या गाडीने भाऊ यायचा असतो, गाडीतून उतरणारा एकेक चेहरा क्षणभर पुढे येतो आणि ‘हा नव्हे’ म्हणून मागे जातो, आणि गाडी रिकामी झाल्यावर जे उरते ते ‘भाऊ आला नाही’ एवढेच असते. सार्त्र पुढे म्हणतो की ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन या कॅफेत नाही, फ्रेंच कवी पॉल व्हालेरीही नाही, अशी विधाने करता येतील. ती खरीही आहेत, पण ती केवळ विचारातली आहेत, कारण त्यांची कोणी वाट पाहत नव्हते. घरातले माणूस गेले की ‘घर खायला उठते’ असे आपण म्हणतो, त्यात नेमका हाच भेद आहे : घरात नसलेली माणसे तर असंख्य असतात, पण घर खायला उठते ते एकाच्याच नसण्याने.

‘अभाव’ हा शब्द वाईट नाही, पण तो मोकळा नाही. न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या अभ्यासकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ, म्हणजे वास्तवाचा एक वेगळा प्रकार, मानून त्याचे प्रागभाव (वस्तू होण्याआधीचा), प्रध्वंसाभाव (नाशानंतरचा), अत्यंताभाव (कायमचा) आणि अन्योन्याभाव (एक वस्तू दुसरी नसणे) असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ‘भूतलावर घट नाही’, म्हणजे जमिनीवर घडा नाही, हा त्यांच्या दृष्टीने त्या भूतलाविषयीचाच सत्य निर्णय आहे, मग त्या घटाची कोणाला गरज असो वा नसो. तेव्हा नैयायिकाला पिएरचा अभाव आणि वेलिंग्टनचा अभाव एकाच पंक्तीला बसतील, आणि सार्त्रचा सगळा मुद्दा तर त्यांना वेगळे काढण्यात आहे. तुलनेसाठी ‘अभाव’ जरूर वापरावा, विशेषतः ज्याचा अभाव आहे त्याला ‘प्रतियोगी’ म्हणण्याची न्यायाची सोय पिएरच्या बाबतीत फार उपयोगी आहे. पण अनुवादाचा शब्द म्हणून तो ठेवला की वाचक नकळत दुसऱ्या शास्त्रात शिरतो. ‘शून्यता’ तर त्याहून दूर जाते, कारण माध्यमिक या बौद्ध पंथाच्या शून्यतेचा अर्थ ‘काहीच नाही’ असा नसून ‘स्वतंत्र स्वभाव नाही’ असा आहे. खान्देशात या भेदाकडे दुर्लक्ष होणे मला अधिक लागते. माध्यमिक दर्शनाचे अधिकारी अभ्यासक टी. आर. व्ही. मूर्ती यांनी अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात काम केले होते, आणि १९१४ साली निषेधाच्या, म्हणजे नकाराच्या, तर्कशास्त्रावर निबंध लिहिणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य पुढे त्याच संस्थेचे संचालक होते.

‘नसणे’च्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा त्याच्या घडणीतच आहे. ‘न’ आणि ‘असणे’ मिळून ‘नसणे’ होते. म्हणजे ‘असणे’ बाजूला काढले तर हा शब्द उभाच राहत नाही. सार्त्रचेही म्हणणे हेच आहे की नेआँ असण्याच्या बाहेर किंवा आधी कुठे नसते, फळातल्या अळीसारखे ते असण्याच्या गाभ्यातच असते. कापसाच्या कैरीत, म्हणजे कच्च्या बोंडात, शिरलेली गुलाबी बोंडअळी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण कैरी बाहेरून अखंड दिसते आणि अळी आतच असते, कैरीवाचून तिला जागा नसते. ‘शून्य’ मात्र ‘एक’च्या शेजारी वेगळे मांडता येते.

व्याकरणाची अडचणही येत नाही. नसण्याचा अनुभव, नसण्यातून, नसण्याला अशी सर्व रूपे सहज होतात. शिवाय ‘भाऊ इथे नाही’ आणि ‘हा माझा भाऊ नव्हे’ हे दोन निषेध मराठी क्रियापदानेच वेगळे ठेवते. आज बोलण्यात ‘नव्हे’ची जागा ‘नाही’ घेऊ लागला आहे, पण निदान तत्त्वज्ञानाच्या टिपणात तरी हा भेद जपावा. सार्त्रच्या लेखनात दोन्ही निषेध येतात. राहिला ‘घरगुती’पणाचा आक्षेप. मूळ शीर्षकातला ‘एत्र’ हा फ्रेंचमधला रोजच्या वापरातला ‘असणे’च आहे. ‘तो घरमा शे’ म्हणताना अहिराणीत जे ‘शे’ येते, त्याच्याइतकाच तो साधा आहे. त्याच्या जोडीचा शब्दही तितकाच साधा असला तर बिघडत नाही.

एक ठिकाण खरोखर अवघड आहे : सार्त्रने ‘नेआँ’वरून घडवलेले ‘नेआँतिझे’ हे क्रियापद. ‘नाहीसे करणे’ म्हटले तर नाश केल्याचा अर्थ येतो आणि तो चुकीचा आहे, कारण कॅफे नष्ट होत नाही, फक्त मागे सरतो. ‘नसते करणे’ही चालणार नाही, कारण ‘नसती उठाठेव’मधला ‘नसता’ वेगळाच अर्थ आणतो. तेथे ‘नास्तीकरण’ हा घडवलेला शब्द घ्यावा आणि पहिल्या वापरातच ‘पार्श्वभूमी म्हणून मागे सारणे’ असा खुलासा द्यावा. ‘उणीव’ हा शब्द मात्र आधीच खर्च करू नये. पुढे ‘मांक’ची, म्हणजे काहीतरी कमी असण्याची, चर्चा येते, तेथे तो लागणार आहे.