तैमूरने पळवून लावलेला कारा युसूफ पुन्हा तख्तावर बसला कसा?

तुमचा प्रश्न असा की, तैमूरशी वैर घेतलेले बहुतेक राजे संपले, मग काराकोयुनलू तुर्कमानांचा कारा युसूफ परत आला तो नशिबाने की हुशारीने? माझं उत्तर: त्याला पळायची लाज वाटत नव्हती. शिर सलामत तर पगडी पचास, हे त्याने अक्षरशः जगून दाखवलं.

मला या माणसाचा नाद हैदराबादच्या कुतुबशाही कबरी पाहून आल्यावर लागला. गोवळकोंड्याचं तख्त उभारणारा सुलतान कुली स्वतःला याच घराण्यातला म्हणवायचा. म्हणजे १६७७ मध्ये शिवाजी महाराज ज्या कुतुबशहाला भेटले, त्याच्या घराण्याची मुळं पार आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवराकडच्या मेंढपाळ टोळ्यांत. काराकोयुनलू म्हणजेच ‘काळ्या मेंढ्यांवाले’.

तर, १४०० च्या सुमारास तैमूर अंगावर आला तेव्हा युसूफ आणि बगदादचा सुलतान अहमद जलायर हे दोघे उस्मानी (ऑटोमन) सुलतान बायझीदच्या आश्रयाला गेले. बायझीदने त्यांना तैमूरच्या हवाली करायचं नाकारलं. १४०२ च्या अंकाराच्या लढाईचं हेही एक कारण, आणि त्या लढाईत खुद्द बायझीदच कैद झाला! युसूफने मधल्या धामधुमीत अहमदलाच हुसकून बगदाद बळकावलं. पण १४०३ मध्ये तैमूरचा नातू अबू बकर आला आणि युसूफला पुन्हा पळावं लागलं. आता दमास्कस. अहमदही तिथेच पोचला होता. इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या ममलुकांनी तैमूरच्या धाकाने दोघांनाही तुरुंगात टाकलं.

खरी गंमत या तुरुंगातली. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे कोठडीत समेट करून बसले: सुटलो तर बगदाद तुझं, तब्रीझ (आजच्या वायव्य इराणमधलं शहर) माझं. युसूफला तिथेच मुलगा झाला, पीर बुदाक. अहमदने त्याला दत्तक घेतलं. वरवर ही घरगुती गोष्ट वाटते, पण पुढचं सगळं राजकारण या दत्तकावर उभं राहिलं.

१४०५ मध्ये तैमूर मेला. युसूफ त्याच्या आधीच सुटून आपल्या माणसांत पोचला होता. १४०६ मध्ये त्याने नखचिवानजवळ अबू बकरला हरवलं, आणि १४०८ च्या लढाईत अबू बकरचा बाप मीरानशाह, म्हणजे तैमूरचा मुलगा, मारला गेला. तब्रीझ हाती आलं. पण तख्तावर युसूफ स्वतः बसला नाही. त्याने पोराला बसवलं! कारण त्या मुलखात चंगेझखानाच्या वारशाशी नातं सांगता आलं की राज्याला वजन यायचं. अहमदच्या जलायर घराण्याला ते सांगता येई, टोळीच्या सरदाराला नाही. तैमूरसुद्धा एक नामधारी खान पुढे ठेवून स्वतःला अमीरच म्हणवायचा. युसूफचा पोरगा मात्र आता कागदोपत्री जलायर सुलतानाचा मुलगा होता.

१४१० मध्ये युसूफ दूर मोहिमेवर असताना अहमदने करार मोडून तब्रीझ घेतलं. युसूफ परतला, अहमद हरला आणि पकडला गेला. मारण्याआधी त्याच्याकडून सनदा लिहून घेतल्या, अझरबैजान, म्हणजे तब्रीझचा मुलूख, पीर बुदाकच्या नावे आणि बगदाद युसूफच्या दुसऱ्या मुलाच्या, शाह मुहम्मदच्या नावे. गळा आवळायच्या आधी सही! मला तरी हा प्रसंग त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा बोलका वाटतो.

तख्त टिकवायची सोय मात्र त्याला जमली नाही. पीर बुदाक बापाआधीच गेला. १४२० मध्ये तैमूरचा मुलगा शाहरुख मोठी फौज घेऊन निघाला. युसूफ आजारी असूनही सामोरा गेला आणि लढाईआधीच वाटेत मेला. फौज पांगली. त्याच्याच माणसांनी तंबू लुटले आणि कानातल्या बाळ्यांसाठी प्रेताचे कान कापले. शाहरुखला तब्रीझ न लढता मिळालं. युसूफला नंतर वान सरोवराकाठच्या एर्जिशला, म्हणजे आपल्या जुन्या मुलखात, पुरलं.