पहिल्यांदाच गाडीने कोकण किनारा? मग एवढं ऐका

अलिबाग ते रत्नागिरी चार दिवसांत ‘उरकायचं’ म्हणत असाल, तर एक दिवस वाढवा, नाहीतर दोन गावं गाळा. नकाशावरचे किलोमीटर बघून वेळ काढू नका, सागरी रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद. तासाला तीस किलोमीटर धरलेत तर चिडचिड होणार नाही.

खाड्या फेरीबोटीने ओलांडा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडीसकट चढता येतं आणि घाटातला मोठा वळसा वाचतो. आदल्या दिवशी शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. मी एकदा विचारली नव्हती, रात्र धक्क्यावर काढली, डासांसोबत.

धबधबे हवेत तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात गाठा. चिपळूणजवळचा सवतसडा, रत्नागिरीकडे निवळी, दोन्ही मुंबई-गोवा महामार्गालगत. त्यासाठी किनारा सोडून थोडं आत यावं लागेल. ऐन जुलैत धबधबे दांडगे असतात, पण समुद्रात पाय घालायची सोय नसते.

भरती-ओहोटीचा कोळ्यांचा हिशोब शिकून घ्या: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला साधारण सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करा, तीही समुद्र शांत असेल तरच. गाडी वाळूत नेऊ नका, रुतली की भरती थांबत नाही.

आणि रत्नागिरीजवळचा, समुद्राला लागून जाणारा आरे-वारेचा रस्ता संध्याकाळसाठी राखून ठेवा.