हसवणारे, पण नवे पुस्तक कोणते?

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची असून तिने ‘बोक्या सातबंडे’चे भाग अनेकदा वाचले आहेत. तिला तशाच, पण अलीकडच्या आणि विनोदी मराठी गोष्टी हव्या आहेत. काय सुचवाल?

उत्तर: प्रथम संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ ही कादंबरी द्यावी, जिला 2022 चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. ती खदखदून हसवणारी नाही, हे आधीच सांगतो. परंतु मुलीने स्वतःच लिहिलेल्या वहीचे रूप तिला असल्यामुळे या वयाच्या वाचकाला ती चटकन आपली वाटते, आणि हसू येते ते घरातल्या साध्या प्रसंगांतून. भुताखेतांची आवड असल्यास भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (2024 चा तोच पुरस्कार) पाहावी. राजीव तांबे यांचे ‘प्रेमळ भूत’ तुलनेने जुने, मात्र गमतीच्या बाबतीत माझ्या मते या तिन्हींत सरस.

पुरस्कार हा विनोदाचा दाखला नव्हे, म्हणून ग्रंथालयात किंवा दुकानात मुलीला पहिली चार पाने वाचू द्यावीत आणि ती हसली नाही, तर ते पुस्तक निमूटपणे परत ठेवावे.