पैसे मिळाले तर?

"मॅडम, फॉर्म उघडते, नाव-गाव भरते, अन् बजेटच्या रकान्यापाशी आलं की बंद करून टाकते."

थोड्याफार फरकानं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! छत्रपती संभाजीनगरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं बीड, जालना, परभणीकडची. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर पदवीचं चौथं वर्ष आता संशोधनासह करता येतं, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी कॉलेजं प्रकल्प मागतात, त्यामुळे संशोधनासाठी छोट्या अनुदानाचे अर्ज बी.एस्सी.च्या पोरांपर्यंत येऊन पोहोचलेत. सर मंडळी म्हणतात, "भरून तर टाक, फार तर नाही म्हणतील." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. एका मुलीनं मला ते सोडायला लावलं. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

ती दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. गावातल्या १२ बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती, हे तिला मोजायचं होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तिच्या गावचा हातपंप कापसाच्या रानाला लागून, आणि रानात युरिया पडतो. प्रश्न तिचा तिनं शोधलेला, चोख. कॉलेज १०,००० रुपयांपर्यंत देणार होतं. तिनं कच्च्या कागदावर मागितले होते १,१५०.

मी तो कागद मागून घेतला. नमुन्याच्या बाटल्या : 'घरच्या'. रसायनं : 'कॉलेजात आहेत तेवढी'. एसटीचा खर्च मात्र पैशापर्यंत अचूक, महिलांचं अर्धं तिकीट धरून.

"नाही म्हणाले तर काय होईल?" मी विचारलं.

"काही नाही. सवय आहे."

इतक्या शांतपणे म्हणाली, तिथंच मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात निदान पक्कं होतं : नकाराची भीती. माणसाला घटना त्रास देत नाही, त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे वाक्य ऐकवतो ते देतं, असं मानणाऱ्यांपैकी मी. तेव्हा ते वाक्य शोधत मी तीन भेटी घालवल्या, आणि चुकीच्या दारावर थापा मारत बसले.

चौथ्या भेटीत, जरा वैतागूनच, प्रश्न उलटा केला. "बरं, समज मिळाले. पूर्ण दहा हजार. मग?"

ती गप्प झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, "अन् प्रयोग फसला तर? उचल अंगावर राहायली ना मग."

उचल! तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ पैसे उचलून कारखान्याच्या वाटेला लागतो. हंगामात फिटले नाहीत तर पुढच्या हंगामावर चढतात. कामाआधी हातात पडणाऱ्या पैशाचा तिच्या घरात एकच अर्थ होता. तिला नकाराची भीती नव्हतीच, होती ती होकाराची. 'फार तर नाही म्हणतील' हा आमचा दिलासा तिच्या काही कामाचा नव्हता, उलट नाही म्हटलं तर ती सुटणार होती.

ते वाक्य सापडलं त्या दुपारी मला काय वाटलं ते लपवत नाही. अशा दुपारी वर्षातून दोन-तीनच येतात.

मी समजावत बसले नाही. नियमांची दोन पानं पुढे ठेवली. "फेडायचं कुठे लिहिलंय, शोध."

तिनं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मूळ पावत्या. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला. अहवाल. न खर्चलेली रक्कम परत.

"उरलेले परत. खर्चलेले नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "पण नायट्रेट सापडलंच नाही तर?"

"काय लिहिशील?"

बराच वेळ गेला. "सापडलं नाही, असं लिहीन."

"मग अहवाल झाला की नाही?"

ती हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ज्यांचा हात याच रकान्यापाशी अडतो, त्यांनी आकडा टाकायच्या आधी अटींचं पान वाचावं. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे. ते देणारा ठरलेलं काम आणि चोख हिशेब मागतो, यशाची हमी मागत नाही. आणि कमी मागितलं म्हणजे आपण साधे ठरतो, हा गैरसमज आहे. तपासणारा बघतो की एवढ्या पैशात हे काम होईल का. बारा बोअर, पावसाळ्याआधी एकदा नि नंतर एकदा, म्हणजे २४ नमुने. ते घरच्या बाटल्यांत भरणार म्हटल्यावर त्याला तुमचा साधेपणा दिसत नाही, पाण्याची चाचणीच संशयास्पद दिसते. लॅपटॉप मात्र त्यात घुसडू नका, तो लगेच डोळ्यात येतो. दुकानदाराचं दरपत्रक आधी आणा, आकडा आपोआप येतो. आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनो, तुमच्या वर्षाच्या ८०,००० पैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच धरलेले असतात. माझ्यासमोर बसलेल्या कित्येकांना ते ठाऊकच नसतं.

तिनं नव्यानं हिशेब मांडला, ८,४०० झाले. मंजूर झाले ६,५००. पेढे घेऊन येईल असं मला वाटलं होतं. आली ती कपाळाला आठी घालून.

"मॅडम, बाटल्यांचे पैसे कापले त्यांनी. दुसऱ्या फेरीचे नमुने मी कशात आणू? सरांना म्हणलं, मला लेखी कारण पाहिजे."