‘तो स्फिंक्स’ नव्हे, आणि नरसिंह तर नव्हेच

प्रश्न : फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव्ह मोरोच्या ‘ईडिपस आणि स्फिंक्स’ या चित्रावर लिहिताना ‘तो स्फिंक्स’ म्हणावे की ‘ती’? ‘नरसिंह’ हा प्रतिशब्द चालेल का?

उत्तर : नरसिंह चालणार नाही. तरीही दर दुसऱ्या लेखात तो येऊन बसतोच. नरसिंहाचे डोके सिंहाचे आणि धड माणसाचे. स्फिंक्सचे नेमके उलटे : डोके माणसाचे, धड सिंहाचे, शिवाय पंख. तमिळ मंदिरांतला पुरुषमृग रचनेने त्यातल्या त्यात जवळचा, पण तो नावातच पुरुष. इजिप्तमधल्या गिझाच्या पुतळ्याला खुशाल ‘तो’ म्हणा. ग्रीक पुराणात थीब्ज नगराच्या वाटेवर कोडे घालणारी, उत्तर चुकणाऱ्याचा बळी घेणारी आणि शेवटी ईडिपसकडून हरणारी मात्र ‘ती’. ग्रीकमध्ये शब्दच स्त्रीलिंगी आहे, आणि मोरोने स्तन रंगवून शंकेला जागा ठेवलेली नाही. रूपे ‘स्फिंक्सने’, ‘स्फिंक्सच्या’. ‘स्फिंक्सीने’ वगैरे नको.

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. शेवटचा ‘स्’ प्रथमेचा. तो काढला की उरते ‘स्फिंग्’. ग्रीकमध्ये ‘स्फिंगो’ म्हणजे घट्ट आवळणे. डॉक्टर ज्याला स्फिंक्टर म्हणतात, तो आवळून धरणारा स्नायूही याच क्रियाधातूचा. म्हणजे स्फिंक्स ही आवळणारी! आता चित्र पाहा. फ्रेंच चित्रकार अँग्रच्या याच विषयावरच्या १८०८च्या चित्रात ती काळोख्या कपारीत बसली आहे आणि ईडिपस समोर उभा राहून उत्तर देतो आहे. सगळा मामला तोंडी परीक्षेचा. मोरोने १८६४मध्ये तिला उचलून थेट त्याच्या छातीला चिकटवले. पुढचे पंजे छातीवर, मागचे मांडीपाशी, नजरेला नजर. कॅनव्हासही उभा आणि अरुंद, सुमारे २०६ × १०५ सेंमी. दोघांना वेगळे व्हायला जागाच नाही. खालच्या कडेला आधीच्या बळींचे हात-पाय दिसतात. मोरोने ‘आवळणे’ हा क्रियाधातूच रंगवला, असे माझे ठाम मत आहे.

भाषाशास्त्री ‘स्फिंगो’वरच्या या व्युत्पत्तीला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या ध्वनिसाम्यावरून जुळवलेली, म्हणून झटकतात. त्यांच्या हाती पुरावा आहे, हे खरे : प्राचीन ग्रीक कवी हेसिअडकडे नाव ‘फिक्स’ असे येते, आणि प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मध्ये सॉक्रेटिस तक्रारच करतो, की लोक अक्षरे घुसडून ‘फिक्स’चे ‘स्फिंक्स’ करतात. पण हाच पुरावा उलटा वाचा. सुरुवातीचा ‘स्’ आणि तो अनुस्वार घुसले कशामुळे? कानात ‘स्फिंगो’ घुमत होता म्हणूनच ना! काहींना इजिप्तच्या ‘शेसेप आंख’, म्हणजे ‘जिवंत प्रतिमा’, यातून नाव काढायचे असते. मग सुरुवातीला ‘स्’ नसलेला ‘फिक्स’ कुठून आला, ते त्यांनी आधी सांगावे.

जाता जाता : टिपणात मोरोला सरसकट ‘प्रतीकवादी चळवळीतला’ लिहू नका. त्या चळवळीचा जाहीरनामा १८८६चा. चित्र त्याच्या २२ वर्षे आधीचे. ‘पूर्वसूरी’ लिहा.