पायथॉनमधलं रेजेक्स डोक्यात बसत नाही, चिन्हांचा तक्ता पाठ करू का?

तुम्ही लिहिलंय की पायथॉन बाकी जमतंय पण रेजेक्सची (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या पद्धतीची) चिन्हं आज पाठ केली की उद्या विसरायला होतात, आणि मराठी पत्त्यांच्या फाइलमध्ये काही बदलायला गेलात की भलतंच बदलतं. पाठ नका करू. तो तक्ता बाजूला ठेवा आणि तुमचीच फाइल घेऊन बसा, मी तसाच शिकलो आणि अजून विसरलेलो नाही.

मी ऐरोलीला राहतो. महापेला एका ऑफिसात होतो तेव्हा कुरिअरच्या पत्त्यांची यादी माझ्याकडे असायची, तीनेकशे ओळी, सगळं मराठीत. सरांनी सांगितलं सगळीकडे 'रोड'चं 'मार्ग' कर, मी सरळ बदली मारली, लेबलं छापून खाली गेली आणि थोड्या वेळाने डिस्पॅचचे काका लेबल हातात घेऊन वर आले, "अरे हे मार्गपाली कुठे आलं?" कळंबोलीचं रोडपाली होतं ते. मला फार वाईट वाटलं, कारण काकांनी ते पाहिलं नसतं तर कोणाचं तरी पार्सल फिरत राहिलं असतं.

तेव्हापासून सवय लावली, आधी सब (re.sub, बदल करणारं) नाही चालवायचं, आधी फाइंडऑल (re.findall, नुसतं शोधून यादी देणारं). काय काय सापडतंय ते डोळ्यांनी बघायचं, मगच बदलायचं, आणि बदलताना सबएन (re.subn) वापरायचं, ते नव्या मजकुरासोबत किती ठिकाणी बदल झाला तो आकडाही देतं. शंभर अपेक्षित होते आणि एकशे सात आले तर ते सात शोधून काढायचे.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो, कारण ही गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही. रोडपालीसाठी उपाय म्हणून सगळे सांगतात शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी (\b, शब्दाच्या हद्दीची खूण) लावा, म्हणजे अख्खा शब्दच धरला जाईल. 'रोड'ला ते चाललं. मग 'वाशी'ला लावलं तर एकही सापडेना! कारण पायथॉनचं नेहमीचं रेजेक्स काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दातलं अक्षर धरतच नाही. 'वाशी'च्या शेवटी दीर्घ वेलांटी आहे, तिच्यापुढे स्पेस, पायथॉनच्या लेखी दोन्ही शब्दाबाहेरचेच, मग हद्द सापडणार कुठे. उलट तसंच \b लावून 'ठाण' शोधलंत तर 'ठाणे' आणि 'ठाण्यात' या दोन्हींच्या आतून ते तुकडा काढून देतं. पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून नीट वाचला असेल तर मात्रा शब्दातच धरतात. पायथॉनमध्ये मी मराठीसाठी पुढे काय यायला हवं तेच सांगून टाकतो:

वाशी(?=[ ,]|$)

म्हणजे 'वाशी', आणि त्यापुढे स्पेस, स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट. कंसातलं फक्त तपासलं जातं, बदलात जात नाही. एकेक ओळ घेऊन चालवा. बघा, हे चिन्हात लिहायच्या आधी मी मराठीत बोललो, तुम्हीही तसंच करा, आधी तोंडाने वाक्य म्हणा मग चिन्हं शोधा. दहा-बारा वेळा शोधलंत की बसतात ती आपोआप, मी ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर असंच करायचो.

दुसरी जागा जिथे सगळेच अडकतात. ही ओळ घ्या:

फ्लॅट २०४ (बी विंग), सेक्टर ४, घणसोली (स्टेशनजवळ)

कंसातलं सगळं काढायचंय म्हणून \(.*\) लिहिलंत तर हातात फक्त 'फ्लॅट २०४' उरतं, सेक्टर आणि घणसोली दोन्ही गायब, कारण स्टार (*) हावरट आहे, पहिल्या उघडत्या कंसापासून थेट शेवटच्या बंद कंसापर्यंत ओढून घेतो. \(.*?\) लिहा म्हणजे जवळच्या कंसाला थांबेल. मला \([^)]*\) जास्त आवडतं, बंद कंस सोडून काहीही, यात नक्की काय हवंय ते स्पष्ट दिसतं.

तारखा उलटायला कंसांचे गट वापरा, ([०-९]+)/([०-९]+)/([०-९]+) शोधा आणि जागी \3-\2-\1 टाका, ५/८/२०२४ चं २०२४-८-५ होतं. बदलीच्या बाजूचे आकडे इंग्रजीच लागतात, आणि स्ट्रिंगच्या (अवतरणातल्या मजकुराच्या) आधी आर (r) लावायला विसरू नका, नाहीतर पायथॉन त्या \3 चं भलतंच अदृश्य कॅरेक्टर करून टाकतं आणि तुम्ही तासभर पॅटर्नमध्ये चूक शोधत बसता.

पर्ल की पायथॉन असंही विचारलंय तुम्ही. पायथॉनच चालू ठेवा. लॅरी वॉलनी १९८७ मध्ये पर्ल आणलं, आज जी चिन्हं आपण लिहितो त्यातली बरीचशी पर्लच्याच वळणाची आहेत, त्यामुळे इथे शिकलेलं तिथे थोड्या फरकाने चालतं.

आज एवढंच करा, फाइलची कॉपी काढून ठेवा, तिच्यातल्या वीस ओळी वेगळ्या काढा, आणि एकाच शब्दावर फाइंडऑल चालवून जे सापडेल ते मोजा.