मॉनिटर परत पाठवू नका, आधी वायर बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी : इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-५ लॅपटॉप, नवाकोरा २७ इंची फोर-के मॉनिटर. एचडीएमआयने चित्र येतं, पण माऊस 'जड' वाटतो आणि पान सरकवताना अक्षरं धडपडत जातात. फोनच्या चार्जरची टाइप-सी वायर लावली तर नुसतं 'नो सिग्नल'. म्हणून मॉनिटरच सदोष आहे असं धरून तो परत पाठवायच्या बेतात आहात.

दोन दिवस थांबा. मॉनिटर बहुतेक ठणठणीत आहे.

एचडीएमआय लावलेली असताना डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा आणि वर नवा मॉनिटर निवडा. रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ दिसेल, पैज लावतो. म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतंय. व्हिडिओ बघताना हे फारसं जाणवत नाही, पण माऊस हलवला की हात पुढे आणि बाण मागे असं होतं. त्यालाच तुम्ही 'जड' म्हणताय, आणि शब्द अगदी बरोबर आहे.

असं का होतं? फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, तेही सेकंदाला ६० वेळा : हिशेब जातो सुमारे १२ गिगाबिटवर. तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एचडीएमआयवर स्वतःहून १.४ या जुन्या आवृत्तीपर्यंतच बोलतं, आणि त्यातून प्रत्यक्षात ८ गिगाबिटच्या आसपासच जातं. ६० चं ओझं पेलत नाही म्हणून ते गुपचूप ३० वर उतरतं. काही लॅपटॉप कंपन्या वेगळी चिप बसवून २.० ही पुढची आवृत्ती देतात, पण तुमच्याकडे तसं असतं तर हा प्रश्न बहुधा आला नसता. (मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय १.४ आणि २.० अशी निवड कधीकधी असते. तेवढी एकदा बघून घ्या, फुकटात काम झालं तर झालं.) महागडी 'गोल्ड प्लेटेड' एचडीएमआय वायर मात्र आणू नका. नळच अर्ध्या इंचाचा असेल तर पाइप बदलून काय होणार?

गंमत म्हणजे हेच ग्राफिक्स डिस्प्लेपोर्टवर (एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी दुसरी जोडणी) फोर-के ६० हर्ट्झला आरामात देतं. आणि टाइप-सीमधून चित्र येतं ते डिस्प्लेपोर्टच्याच भाषेत. मग तुमची टाइप-सी का चालली नाही? फोनसोबत येणाऱ्या बहुतेक वायरींत वीज आणि यूएसबी २.० एवढ्याचेच धागे असतात. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान जोड्या आत घातलेल्याच नसतात. टोक तेच, पोट रिकामं.

आता लॅपटॉपचं टाइप-सी भोक टॉर्चच्या उजेडात नीट बघा. शेजारी 'डी'च्या पोटात 'पी' असं चिन्ह असेल किंवा टोकाला बाण असलेली छोटी वीज (थंडरबोल्टची खूण) कोरलेली असेल, तर चित्र येणार. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल तर खात्री नाही, मग मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा. दुकानदाराला विचारू नका, तो 'हो'च म्हणतो.

चिन्ह सापडलं तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी एकच सरळ वायर घ्या. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट बहुधा आहेच. एचडीएमआय, पेन ड्राइव्ह, कार्ड सगळं एकात देणाऱ्या डबीच्या मोहात पडू नका. टाइप-सीत वेगवान रस्ते चार. अशा डब्या त्यातले दोन यूएसबीला देतात, चित्राला उरतात दोन, आणि तुमच्या पिढीच्या लॅपटॉपवर गाडी पुन्हा ३० हर्ट्झवर येते. खोक्यावर 'फोर-के' मोठ्या अक्षरात असतं, '३० हर्ट्झ' शोधायला चष्मा लागतो.

वायर घेताना दिशाही बघा, यात मी स्वतः आपटलोय. लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला मोकळं फक्त डिस्प्लेपोर्ट, म्हणून पुण्यात तपकीर गल्लीतून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट असलेली वायर आणली. दोन्हीकडे झकास बसली, पडदा काळा. परत गेलो. दुकानदाराने तीच वायर त्याच्या कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयला लावली आणि लख्ख चित्र दाखवलं. "चालतीय की साहेब!" चालत होतीच, पण उलट्या दिशेने. अशा वायरी डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जातात, उलट येत नाहीत. हे कळेपर्यंत माझ्या दोन चकरा झाल्या होत्या.

टाइप-सीतून चित्र येतच नसेल तर एचडीएमआयवरच रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करा, ६० हर्ट्झ मिळेल. अक्षरं किंचित मऊ दिसतील, पण माऊस हलका होईल. आठ-आठ तास एक्सेल आणि ईमेल असेल तर मी धारेपेक्षा हा हलकेपणा निवडेन. तेही नको वाटलं, तर मात्र मुदतीच्या आत हा परत करून १४४० चाच मॉनिटर घ्या, पैसेही वाचतील.

बाकीचं किरकोळ. विंडोज आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा, 'डुप्लिकेट'वर ठेवलंत तर दोन पडदे असून एकाचंच काम होतं. फोर-केवर स्केल १५० टक्के ठेवा, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी. डिस्प्ले सेटिंग्जमधले १ आणि २ चे चौकोन टेबलावर पडदे जसे ठेवलेत तसे ओढून लावा, म्हणजे माऊस भिंतीला धडकल्यासारखा अडकणार नाही. आणि लॅपटॉपचा पडदा फार खाली वाटला तर स्टँड लगेच विकत घेऊ नका, माझा गेली दोन वर्षं दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर उभा आहे.

आधी ते चिन्ह बघा आणि काय दिसलं ते सांगा. तोवर मॉनिटरचं खोकं आणि थर्माकोल रद्दीत देऊ नका.